गुरांच्या उवा आणि हरलेली औषधे



मोगऱ्याच्या दिवसांत आपण संध्याकाळी येथे जमावे आणि मी आपल्यापुढे उवांचा विषय काढावा, हे अरसिकपणाचेच आहे. परंतु आपल्या घरी सकाळी जे दूध येते त्याच्यामागे एक गोठा असतो आणि त्या गोठ्यात हा प्राणी असतो, म्हणून हे धाडस. एक भीती मात्र आधीच घालवून टाकतो : गाईची ऊ गाईवरच जगते. ती माणसाच्या डोक्यात बिऱ्हाड करीत नाही.

गुरांच्या उवा दोन तऱ्हेच्या. एक रक्त पिणारी. म्हशीच्या अंगावर दिसते ती ठसठशीत ऊ या तऱ्हेची. दुसरी लहान, तांबूस. ती रक्ताला तोंड लावीत नाही, कातडीवरचा कोंडा कुरतडून खाते. दोघींचा सारा जन्म जनावराच्या अंगावरच जातो. लीख केसाला घट्ट चिकटलेली असते, ती फुटायला एक-दोन आठवडे लागतात, आणि महिन्याभरात नवी पिढी अंडी घालू लागते. थंडीत केस वाढले, गुरे दाटीने बांधली, की यांचा सुकाळ. उन्हाळ्यात त्या आपोआप ओसरतात. चार उवांनी गाईचे दूध आटते असे मी म्हणणार नाही. पण अशक्त रेडकाच्या अंगावर रक्त पिणाऱ्या उवा माजल्या, तर ते रक्तक्षयाने खंगते, आणि गरिबाच्या घरची उद्याची म्हैस जाते.

आता औषधांकडे वळू. डी.डी.टी.चा कीटकनाशक गुण पॉल म्युलर या स्विस रसायनशास्त्रज्ञाने १९३९ साली ओळखला आणि १९४८ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. १९४३-४४ च्या हिवाळ्यात नेपल्स शहरात माणसांच्या कपड्यांत ही पूड फुंकून उवांमुळे पसरणारा ज्वर आवरण्यात आला. जगाला वाटले, संपली ऊ! पण १९५१ च्या सुमारास कोरियातील सैनिकांच्या अंगावरच्या उवा त्याच पुडीला जुमानीनात. गोचिडांची कथाही तीच. ऑस्ट्रेलियात गुरांना सोमलाच्या पाण्यातून पोहवीत असत. १९३० नंतरच्या दशकात तो उपाय फिका पडला. मग डी.डी.टी. आले, तेही फार टिकले नाही.

लोक म्हणतात, किड्याला औषधाची सवय होते. हे खरे नव्हे. एका उवेला आयुष्यात कसलीच सवय होत नाही. हजारो उवांत दोन-चार जन्मतःच निराळ्या असतात. औषध ही चाळणी आहे : मरणाऱ्या गळून जातात, न मरणाऱ्या वर राहतात, आणि पुढची पिढी त्यांचीच होते. औषध पातळ करून लावले की ही निवड अधिकच सोयीची होते, कारण अर्धवट निबर असलेल्याही वाचतात.

यात एक गंमत आहे. शेतकऱ्याच्या दृष्टीने ती गंमत नाही. आज गोठ्यात सर्रास वापरली जाणारी डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन ही औषधे शेवंतीच्या कुळातील एका फुलातील विषाच्या धर्तीवर बनविलेली आहेत. कीटकाच्या मज्जातंतूतील ज्या दारावर डी.डी.टी. घाव घालते, त्याच दारावर हीही घालतात. तेव्हा ते दार ज्याने बदलून घेतले, त्याच्यापुढे दोघेही निष्प्रभ! २०१५ साली ब्रिटनमध्ये गाईंवरच्या कोंडा खाणाऱ्या उवा डेल्टामेथ्रिनला दाद देईनाशा झाल्याचे प्रसिद्ध झाले. आपल्या देशात गोचिडांविषयी हीच तक्रार निरनिराळ्या प्रांतांतील संशोधकांनी नोंदविली आहे.

परंतु औषध लागू पडले नाही की प्रत्येक वेळी ऊ निबर झाली, असे समजू नये. आणि दुकानदाराने फसविले असेही लगेच म्हणू नये. पुष्कळ औषधे लिखेला मारीतच नाहीत. पहिल्या हाताने मोठ्या उवा मेल्या, पंधरा दिवसांनी लिखा फुटल्या, आणि शेतकरी म्हणतो, "औषध बोगस निघाले." दुसरा प्रकार आयव्हरमेक्टिनच्या टोचणीचा. ते रक्तात भिनते. रक्त पिणारी ऊ मरते, पण कोंडा खाणारीला त्या रक्ताशी काय कर्तव्य? ती बहुतेक सुखरूप राहते. येथे निबरपणा नाही, निदान चुकलेले आहे. केस फाकवून, उजेडात, भिंगातून ऊ पाहणे याला पैसा लागत नाही. तरी ते क्वचितच केले जाते. त्याऐवजी कपाशीवरच्या फवाऱ्याची बाटली गोठ्यात येते आणि टोपणाच्या मापाने बादलीत ओतली जाते. त्यात जनावराला विषबाधेची भीती आहे, दुधात विष उतरण्याची आहे, आणि ते दूध आपणच पितो. दुभत्या जनावराला कोणते औषध चालते आणि त्यानंतर किती दिवस दूध काढून टाकायचे, हे पशुवैद्याला विचारल्यावाचून ठरवू नये. ते दूध काढून टाकणे ज्याला परवडत नाही, त्याचे काय, हा प्रश्न शहरानेही आपला मानला पाहिजे.

उपचार करायचा तो गोठ्यातल्या सगळ्या गुरांना एकाच दिवशी, पुऱ्या मात्रेने, आणि लिखा फुटून गेल्यावर, पण नव्या उवा अंडी घालण्याआधी, दुसऱ्यांदा. नवे जनावर काही दिवस निराळे बांधावे, असे आम्ही सांगतो. ज्याच्याकडे एकच दावण आहे त्याला हे सांगणे सोपे आहे. बाजारातून आणलेली म्हैस रात्री घरी पोहोचते, आणि त्याच रात्री जुन्या म्हशीच्या अंगाला अंग लावून उभी असते.