दाढेंतला पारा



गेल्या महिन्यांत आमच्या सूनबाईंनीं मला एकाएकीं विचारलें, "मामंजी, तुमच्या दाढेंत पारा आहे, हें आपल्याला ठाऊक आहे का?" प्रश्नाचें कारण असें कीं, आठ वर्षांच्या नातवाची दाढ किडली होती. ती कशानें भरावयाची, आणि माझी जुनी 'चांदी' कोरून काढावयाची कीं काय, असा घरांत वाद पडला होता.

मी आयुष्यभर शाळामास्तर. वर्गांत उष्णतामापक फुटला म्हणजे मुलें तो पारा तळहातावर खेळवीत, आणि मी तें कौतुकानें पाहत असें. आज त्या अज्ञानाची लाज वाटते. म्हणून या वेळीं नीट वाचून मगच उत्तर द्यावयाचें ठरविलें.

ज्याला आपण चांदी म्हणतों, तींत वजनानें सुमारें निम्मा पारा असतो. बाकी चांदी, कथील व तांबें यांचा भुगा. दोन्ही एकत्र घोटले म्हणजे लोण्यासारखा मऊ गोळा होतो, आणि पोकळींत बसविल्यावर तो घट्ट होतो. भरण स्वस्त आणि टिकाऊ. वाद मात्र त्याच्या जन्मापासूनच आहे. १८३३ सालीं क्रॉकूर बंधूंनीं तें न्यूयॉर्कला आणून मोठा गाजावाजा केला. पुढें १८४० सालीं स्थापन झालेल्या अमेरिकन दंतशल्यवैद्यांच्या संस्थेनें आपल्या सभासदांकडून हें भरण न वापरण्याची शपथ घेवविली. त्या कलहांत ती संस्थाच १८५६ सालीं मोडली. भरण मात्र राहिलें! १९२६ सालीं आल्फ्रेड स्टॉक या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें पुन्हा इशारा दिला. प्रयोगशाळेंतील पाऱ्याच्या वाफेनें तो स्वतःच आजारी पडला होता. त्यामुळें त्याच्या शब्दाला वजन होतें.

चावतांना भरणांतून पाऱ्याची सूक्ष्म वाफ निघते, हें आतां कोणी नाकारीत नाहीं. वाद आहे तो मात्रेचा. २००६ सालीं दोन मोठ्या प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: पोर्तुगालमध्यें ५०७ मुलें, अमेरिकेंत ५३४ मुलें. कांहींच्या दांतांत पाऱ्याचें भरण, कांहींच्या दांतांत दुसरें. पाऱ्याच्या भरणाच्या मुलांच्या लघवींत पारा अधिक आढळला. परंतु अनेक वर्षांनंतरहि बुद्धि व स्मृति यांत उल्लेखनीय फरक दिसला नाहीं. दुसऱ्या पक्षाचें म्हणणें असें कीं, सरासरींत एखाद्या नाजुक प्रकृतीच्या मुलाची तक्रार बुडून जाते. तेंहि अगदींच टाकाऊ नाहीं.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. जपानांतील मिनामाता येथें १९५६ सालीं उघडकीस आलेला भयंकर रोग मासळींत सांठलेल्या मिथिल-पाऱ्यामुळें झाला. दाढेंतला पारा त्या जातीचा नव्हे. परंतु दवाखान्याच्या सांडपाण्यांतून वा स्मशानाच्या धुरांतून बाहेर पडलेला पारा निसर्गांत गेल्यावर तेंच रूप घेऊं शकतो. म्हणूनच २०१३ च्या मिनामाता करारांत हें भरण कमी करण्याचें ठरलें. भारतानें २०१८ सालीं त्या करारास मान्यता दिली. २०२२ सालीं पंधरा वर्षांखालील मुलें, गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या माता यांच्यासाठीं तें वापरूं नये असें ठरलें, आणि २०२५ च्या जिनीव्हा येथील परिषदेंत २०३४ पर्यंत त्याचा वापर संपविण्याचें ठरलें.

मग आमच्या घरचा निर्णय? नातवाची दाढ पाराविरहित भरणानें भरली. माझी मात्र तशीच ठेवली. ती कोरतांना वाफ एकदम वाढते, आणि भोंवतालचा निरोगी दांतहि झिजतो. भरण शाबूत असेल, तर वैद्यकीय कारणावांचून तें काढूं नये, असा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचाहि २०२० सालचा सल्ला आहे. सूनबाईंना हें पटलें. मात्र त्यांनीं एक अट घातली: नातवाला मी चोरून गोळ्या-चॉकलेटें द्यावयाचीं नाहींत!

अट रास्त आहे, श्रोतेहो. पारा कीं दुसरें कांहीं, हा प्रश्न दांत किडल्यानंतरचा. रात्रीं निजण्यापूर्वीं मुलांचे दांत स्वच्छ घासले जातात कीं नाहीं, हें पाहणें आपल्याच हातीं आहे.