प्रस्तरारोहणाच्या सरावासाठी घरगुती लाकडी पकडी



सह्याद्रीच्या कड्यांशी महाराष्ट्राचे नाते फार जुने आहे. १६७० मध्ये तानाजी मालुसरे आणि त्यांचे मावळे रात्रीच्या अंधारात सिंहगडाचा कडा चढून गेले, ही कथा येथील प्रत्येक बालकाला ठाऊक असते. त्या काळी कडा चढणे ही युद्धाची गरज होती. आज तो एक मान्यताप्राप्त क्रीडाप्रकार झाला आहे. नवी मुंबईत २०१६ व २०१७ या वर्षी बोल्डरिंगच्या विश्वचषक मालिकेतील स्पर्धा झाल्या. त्यानंतर २०२१ मध्ये पार पडलेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये क्रीडा प्रस्तरारोहणाचा प्रथमच समावेश झाला.

तथापि, सर्वसामान्य तरुणासमोर एक अडचण कायम आहे. कृत्रिम भिंती प्रामुख्याने मोठ्या शहरांत आहेत. पावसाळ्याचे चार महिने कातळ ओला व निसरडा असतो. सराव खंडित झाला की बोटांची शक्ती लवकर ओसरते आणि हिवाळ्यात कड्यावर जाणारा आरोहक अपुऱ्या तयारीनिशी जातो. या अडचणीवर घरच्या घरी योजता येईल असा एक उपाय आहे. तो म्हणजे लाकडी पकडी बसविलेला सरावाचा फळा.

परंपरा लाकडाचीच

ही कल्पना नवी नव्हे. जर्मन आरोहक वोल्फगांग ग्युलिश याने १९८८ च्या सुमारास न्युरेंबर्गमधील ‘कॅम्पस सेंटर’ या व्यायामशाळेत एका कललेल्या फळ्यावर आडव्या लाकडी पट्ट्या ठोकल्या व पायांचा आधार न घेता केवळ बोटांच्या बळावर तो त्यांवरून वर जाऊ लागला. याच तयारीच्या जोरावर १९९१ मध्ये त्याने ‘अ‍ॅक्शन डिरेक्ट’ हा अत्यंत अवघड मार्ग सर केला. इंग्लंडमधील शेफील्डच्या आरोहकांनीही कललेल्या फळ्यांवर स्वतः घडविलेल्या लाकडी पकडी वापरल्या. बाजारातील रेझिनच्या पकडी खरखरीत असतात व कातडी लवकर सोलतात. लाकूड मऊ, गुळगुळीत व कातडीला सौम्य असते. त्यावर घर्षण कमी मिळत असल्याने बोटांना अधिक काम करावे लागते. सरावाच्या दृष्टीने हा गुणच होय.

लाकडाची निवड

यासाठी नवे लाकूड विकत घेण्याचे कारण नाही. गावातील सुताराच्या कामठ्यावर सागवान वा शिसवीचे उरलेले तुकडे सहज मिळतात. लाकूड चांगले वाळलेले असावे. गाठी, भेगा वा कीड लागलेला तुकडा टाकून द्यावा. खोक्यांचे हलके लाकूड चटकन दबते व फुटते, म्हणून ते पकडींना योग्य नव्हे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे लाकडाचे रेषे पकडीच्या लांबीच्या दिशेने असले पाहिजेत. रेषे आडवे गेल्यास कडेचा भाग शरीराच्या भाराखाली रेषांवरून फाटून निघतो.

घडविण्याची रीत

साधारण १५ ते २० सेंटिमीटर लांब, ६ सेंटिमीटर रुंद व ४ ते ५ सेंटिमीटर जाड असा ठोकळा कापावा. बोल्टचे छिद्र आकार देण्यापूर्वीच पाडावे, कारण चौकोनी ठोकळा शिकंजात घट्ट बसतो व छिद्र सरळ जाते. १० मिलिमीटरच्या बोल्टसाठी ११ मिलिमीटरचे छिद्र पुरते. बोल्टचे डोके व वॉशर बसण्यासाठी सपाट तळाची खाच करावी. निमुळत्या डोक्याचा बोल्ट आवळताना पाचरीसारखा शिरून लाकूड चिरतो.

नंतर रंधा, पटाशी व मरफा यांनी आकार द्यावा. नवशिक्यासाठी बोटे टेकण्याची जागा २५ ते ३० मिलिमीटर खोल असावी. सराव वाढल्यावर २० मिलिमीटरपर्यंत यावे. बोटे टेकतात ती कड ६ ते ८ मिलिमीटर त्रिज्येने गोलावावी. धारदार कड बोटांच्या सांध्यांत रुतते व इजा करते. शेवटी ८० व मग १२० क्रमांकाचा काचकागद फिरवावा. व्हार्निश वा रंग लावू नये. त्यामुळे लाकूड निसरडे होते. घासताना नाकातोंडावर कापड बांधावे, कारण सागवान व शिसवीचा भुसा अनेकांना बाधतो.

फळा आणि सुरक्षितता

फळ्यासाठी किमान १८ मिलिमीटर जाडीचा प्लायवूड मजबूत लाकडी चौकटीवर बसवावा. छिद्रांत मागील बाजूने टी-नट ठोकावेत. एकाच बोल्टवरची पकड भार येताच गोल फिरते, म्हणून तिला बाजूने एक स्क्रूही द्यावा. आरंभी फळा उभ्या रेषेपासून २० ते ३० अंश पुढे झुकलेला असावा. चौकट साध्या विटांच्या पातळ भिंतीवर न लटकवता तुळईला वा जमिनीवरील भक्कम आधाराला जोडावी. उडी मारून पकड धरताना येणारा भार शरीराच्या वजनापेक्षा बराच अधिक असतो. खाली जाड गादी असावी व आसपास कोणतीही टोकदार वस्तू नसावी. पावसाळ्यात लाकूड फुगते व उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे बोल्ट सैल पडतात. सरावापूर्वी प्रत्येक पकड हाताने हलवून पाहणे हा नियमच करावा.

उत्साहाला संयमाची जोड

फळा घरात असला की दररोज लटकण्याचा मोह होतो. परंतु स्नायू जितक्या लवकर बळकट होतात, तितक्या लवकर बोटांतील बंध होत नाहीत. ते तुटल्यास अनेक महिने कडा पारखा होतो. म्हणून दोन सरावांमध्ये किमान एक दिवस विश्रांती घ्यावी. वाढत्या वयातील मुलांच्या बोटांच्या हाडांची वाढ पूर्ण झालेली नसते. पाय सोडून केवळ बोटांवर उड्या घेण्याचा सराव त्यांनी मुळीच करू नये. त्याने हाडाच्या वाढीच्या भागालाच तडा जाऊ शकतो. त्यांना मोठ्या पकडी द्याव्यात व पाय टेकवून चढू द्यावे.

गावातील तालमीला जशी एके काळी लाल मातीची गरज होती, तशी या खेळाला चार फळ्यांची आहे. सुताराचे कसब आणि तरुणांची जिद्द एकत्र आली, तर लहान गावातील मुलालाही कड्याची तयारी आपल्या अंगणात करता येईल. मात्र स्वतः घडविलेल्या पकडीवर भरवसा ठेवायचा, तर ती घडविताना हयगय करून चालत नाही. कातळावर जी सावधगिरी प्राण राखते, तिचा पहिला धडा रंध्यापाशीच गिरवावा लागतो.