मालकाची मजुरी कोण मोजणार?



शेती उत्तम आणि चाकरी कनिष्ठ, अशी म्हण आपल्याकडे आहे. तरीही सातारा-सांगलीतील आईबाप मुलीसाठी स्थळ नोकरदाराचेच शोधतात. तरुणांना मात्र 'नोकरी मागू नका, उद्योग काढा' असा उपदेश केला जातो. तो हिशेबाच्या कसोटीवर तपासला पाहिजे.

पगार म्हणजे एका माणसाच्या श्रमाचा मोबदला. स्वयंरोजगारातील 'उत्पन्न' म्हणजे रोख खर्च वजा जाता गल्ल्यात उरलेली रक्कम. समजा, विट्यातील एका किराणा दुकानदाराला महिन्याला २४ हजार रुपये सुटतात आणि शेजारच्या कारकुनाला २० हजार पगार आहे. दुकानदार वरचढ दिसतो. परंतु पत्नी अर्धा दिवस गल्ल्यावर बसते. तिच्या श्रमाचे ६ हजार धरा. स्वतःच्या गाळ्याचे भाडे ३ हजार आणि ३ लाखांच्या मालावरील व्याज २ हजार. उरले १३ हजार. कारकुनाला मात्र भविष्यनिर्वाह निधीत मालकाची भर मिळते, शिवाय आजारपणाची रजाही.

ही केवळ कल्पना नव्हे. केंद्र सरकारच्या श्रमबल पाहणीनुसार देशातील कामकऱ्यांत स्वयंरोजगारी २०१७-१८ मध्ये ५२.२ टक्के होते, ते २०२३-२४ मध्ये ५८.४ टक्के झाले. यांपैकी घरच्या धंद्यात विनामोबदला राबणारे १३.६ वरून १९.४ टक्क्यांवर गेले. म्हणजे जवळजवळ सारी वाढ बिनपगारी हातांची! तिला उद्योजकतेची लाट म्हणणे ही शुद्ध फसवणूक होय. शेतीचेही तेच. २०१८-१९ मध्ये देशातील शेतकरी कुटुंबाच्या १०,२१८ रुपये मासिक उत्पन्नात मजुरी-पगाराचे ४,०६३ आणि पिकाचे अवघे ३,७९८ रुपये होते. त्यातही घरच्यांची मजुरी वजा केलेली नव्हती.

कोणी विचारील, खानापूर-आटपाडीच्या गलाई बांधवांचे काय? दुष्काळी भागातून निघून त्यांनी देशभर सोने-चांदी गाळण्याच्या भट्ट्या उभारल्या, हे निःसंशय कौतुकास्पद आहे. पण ज्यांची भट्टी चालली त्यांचे बंगले गावात दिसतात. ज्यांची बुडाली ते मोजणीत येत नाहीत.

मग सर्वांना नोकरी हाच उपाय काय? तसेही नाही. मुंबईच्या बाजारांत पाटण-जावळीच्या हमालाला कायमचा एक मालक नव्हता. अण्णासाहेब पाटलांनी त्यांना संघटित केले, १९६९ चा माथाडी कायदा झाला आणि मंडळामार्फत मजुरी, भविष्यनिर्वाह निधी व उपदान मिळू लागले. एक मालक नसतानाही सुरक्षितता मिळू शकते, हे या जिल्ह्याच्या माणसांनी सिद्ध केले आहे.

म्हणून कार्यकर्त्यांनी गावोगाव दोन प्रश्न विचारावेत: या धंद्यात किती हात राबतात आणि म्हातारपणी त्यांना काय मिळणार? शेतमालाच्या खर्चात घरच्या श्रमाची किंमत धरा, अशी मागणी आपण करतो. तोच न्याय दुकान, माग आणि गोठ्यालाही लागू आहे. ज्या श्रमाचा हिशेब होत नाही, त्याचा हक्कही मागता येत नाही.