पंपाचा स्टार्टर निवडताना
विहिरीवरचा 5 अश्वशक्तीचा थ्री-फेज पंप पूर्ण भारावर साधारण साडेसात अँपिअर घेतो. सुरू होताना मात्र क्षणभर सहापट. स्टार्टरमधल्या काँटॅक्टरवरचा ‘एसी-1’चा मोठा आकडा पाहून भुलू नका, तो हीटरसारख्या भारासाठी असतो. मोटरसाठी ‘एसी-3’चा आकडा पाहा, इथे 9 किंवा, जरा ऐसपैस, 12 अँपिअरचा घ्या. ओव्हरलोड रिलेची तबकडी नेमप्लेटवरच्या अँपिअरवर लावा. रिले सारखा ट्रिप होतो म्हणून तबकडी वाढवून ठेवणारे पुष्कळ भेटतात. त्यांची मोटर पुढे रिवाइंडिंगलाच जाते. आधी एखादा फेज गेलाय का, पंप जाम आहे का, ते बघा. आणि फ्यूज वेगळा हवाच. शॉर्टसर्किट तोडणं हे रिलेचं काम नव्हे.