पर्ल बक यांचा पहिला संसार

लेखकाच्या खाजगी आयुष्यात डोकावावे की नाही, हा वाद जुना आहे. कलाकृतीचे मोल तिच्यातच शोधावे, कर्त्याच्या घरात नव्हे, हे मत मलाही सामान्यतः मान्य आहे. परंतु काही लेखक असे असतात, की त्यांच्या घराचे दार थोडे किलकिले केल्यावाचून त्यांच्या पुस्तकातील एखादे पान आपल्याला पुरते उमगत नाही. ‘द गुड अर्थ’ या कादंबरीच्या लेखिका पर्ल बक या अशांपैकी एक होत.

पर्लबाईंचा जन्म १८९२ साली अमेरिकेत झाला. पण आईवडील मिशनरी असल्यामुळे त्यांचे बालपण गेले चीनमध्ये, यांगत्से नदीकाठच्या चिनक्यांग शहरात. १९१७ साली त्यांनी जॉन लॉसिंग बक या तरुण कृषितज्ज्ञाशी विवाह केला. आईवडिलांच्या मनास ही सोयरीक रुचली नव्हती. उत्तर चीनच्या सपाट मुलखातील नानशुचौ या गावी त्यांचा संसार सुरू झाला. लॉसिंग शेतकऱ्यांना प्रश्न विचारीत आणि चिनी भाषेवर प्रभुत्व असलेल्या पर्लबाई दुभाषाचे काम करीत. जमीन किती, पीक किती, कर्ज किती, याची नोंद पती करी. पत्नी मात्र घरातील बायकांशी बोलत बसे.

लॉसिंग हे काही खलपुरुष नव्हते. पुढे त्यांच्या देखरेखीखाली चीनमधील १६,७८६ शेतांची पाहणी झाली, आणि १९३७ साली प्रसिद्ध झालेला तिचा वृत्तांत अभ्यासकांना आजही मोलाचा वाटतो. पण ज्याला हजारो शेतांची गणती साधली, त्याला घरातल्या एका मनाचा ठाव लागला नाही. १९२० साली कन्या झाली. कॅरोल तिचे नाव. तिच्या बुद्धीची वाढ खुंटली. ज्या जन्मजात विकाराने हे घडले, तो वैद्यकशास्त्राला १९३४ पर्यंत ठाऊकच नव्हता. त्यातच, शस्त्रक्रियेमुळे पुन्हा मातृत्वाची आशा उरली नाही. या दुःखात पतिपत्नी एकमेकांजवळ यावयाची, ती दुरावली. भांडण परवडले; पण एकाच छपराखालचा अबोला माणसाला आतून पोखरतो.

१९२९ साली पर्लबाईंनी कॅरोलला अमेरिकेतील व्हाइनलँड येथील संस्थेत ठेवले. तिच्या आजन्म संगोपनाला पैसा हवा होता. नानकिंगच्या घरी परतल्यावर माळ्यावरच्या खोलीत त्यांनी ‘द गुड अर्थ’ लिहिली आणि १९३१ साली ती प्रसिद्ध झाली. पुढच्याच वर्षी तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले.

वांग लुंग या गरीब शेतकऱ्याची ही कथा त्याच्या लग्नाच्या दिवशी सुरू होते. त्याची पत्नी ओ-लान ही श्रीमंतांच्या वाड्यातील दासी. ती राबते, मुले वाढवते, दुष्काळ सोसते, आणि बोलत जवळजवळ नाहीच. तिने पैदा केलेल्या जडजवाहिरातून नवरा जमीन घेतो. ती स्वतःसाठी मागते ते दोन लहानसे मोती. पुढे नवरा श्रीमंत होतो, एका नायकिणीवर भाळतो, आणि तेही मोती तिच्यासाठी मागून नेतो. ओ-लान त्या वेळी तळ्यावर कपडे धूत असते. ती मोती काढून देते आणि पुन्हा कपडे बडवू लागते. डोळ्यांतून पाणी मात्र गळत असते. ‘पर्ल’ या शब्दाचा अर्थच मोती. हे मनात ठेवून तो प्रसंग पुन्हा वाचावा.

तरी ओ-लान म्हणजे पर्लबाई, असे सरळ समीकरण मांडणे मला योग्य वाटत नाही. त्यांनी आपले दुःख दोघांत वाटून दिले आहे. पत्नीचा मुका सल ओ-लानच्या वाट्याला आला. आणि मंदबुद्धी लेकीची माया वांग लुंगच्या. आपल्या माघारी हिला कोण सांभाळील, या चिंतेने म्हातारा वांग लुंग तिच्यासाठी विष जवळ बाळगतो. ज्या पुरुषाने मोती हिरावले, त्याच्याच ठायी लेखिकेने हे वात्सल्य ठेवले. सूडबुद्धीने लिहिणाऱ्याला हे साधले नसते.

उलट, एका अमेरिकन तरुणीचा विफल विवाह आणि तिचे अपंग मूल हा विषय त्यांनी ‘द टाइम इज नून’ या कादंबरीत उघडपणे हाताळला, तेव्हा ते लेखन फारच खाजगी ठरले आणि कित्येक वर्षे अप्रकाशित राहिले. स्वतःची व्यथा परक्याच्या अंगणात नेऊन ठेवली, तेव्हाच ती सर्वांची झाली.

१९३५ साली पर्लबाईंनी घटस्फोट घेतला आणि त्याच दिवशी आपले प्रकाशक रिचर्ड वॉल्श यांच्याशी विवाह केला. १९३८ साली त्यांना नोबेल पारितोषिक लाभले. १९५४ च्या आत्मकथनात पहिल्या पतीचे नावही त्यांनी घेतले नाही. अबोला असा शेवटपर्यंत टिकला.

पर्लबाई १९७३ साली निवर्तल्या. कॅरोल त्यानंतरही १९ वर्षे, १९९२ पर्यंत, व्हाइनलँडच्या त्याच संस्थेत राहिली. वांग लुंगला पडलेल्या प्रश्नाला तिच्या आईने आपल्या लेखणीच्या कमाईतून उत्तर देऊन ठेवले होते.