कुलूप, दार आणि उष्णता



डिसेंबरच्या सकाळी नागपूरकडील शाळेच्या ओसरीत लोखंडी कुलूप लाकडी दारापेक्षा थंड लागते. "लोखंड मुळातच थंड," असे विद्यार्थी म्हणतो. वास्तविक रात्रभर एकाच हवेत राहिलेल्या दोन्ही वस्तूंचे तपमान जवळजवळ सारखेच असते. लोखंड हाताची उष्णता लवकर वाहून नेते, एवढेच.

एप्रिलच्या अखेरीस सावलीतही पारा ४० अंश सेल्सिअसपलीकडे जातो. शरीराचे तपमान मात्र सुमारे ३७ अंश. तेव्हा सावलीतले तेच कुलूप दारापेक्षा अधिक तापलेले भासते. कारण आता उष्णता हाताकडे वाहते.

अर्थात विद्यार्थ्याचा अनुभव खरा, अनुमान तेवढे चुकलेले. म्हणून त्यास दटावू नये. दोन्ही ऋतूंत त्याला स्पर्श करून पाहू द्यावा. व्याख्या त्यानंतर सांगावी.