मनाईचा कागद हाच आपला पुरावा
(वनहक्क शिबिरात केलेलं भाषण)



आपले दावे परत येतात. शेरा एकच, पुरावा नाही. पिढ्यान् पिढ्या नाचणी-वरई पिकवली, हिरडा गोळा केला, तरी म्हणतात कागद आणा.

कागद आहेत, पण लांब आहेत. इंग्रज सरकारचं मुंबई इलाख्याचं पुष्कळ दप्तर लंडनला ब्रिटिश लायब्ररीत आहे. डॉ. अलेक्झांडर गिब्सनचंच बघा. हा १८३८ साली दापोडीच्या सरकारी बागेचा प्रमुख झाला. आपल्या जुन्नर तालुक्यात हिवऱ्याला त्याची औषधी झाडांची बाग होती. १८४७ला तो इलाख्याच्या जंगल खात्याचा पहिला मोठा साहेब झाला. त्यानं काढून घेतलेली झाडांची चित्रं आज स्कॉटलंडात, एडिंबराच्या वनस्पती उद्यानात आहेत. २००२ साली त्यांच्यावर पुस्तकही निघालं. साहेबाचं नाव राहिलं, चित्रं काढणाऱ्या इथल्या माणसाचं राहिलं नाही. मग झाड ओळखून दाखवणाऱ्याचं कोण लिहिणार?

म्हणून हे कागद उलटे वाचायचे. ते आपल्यासाठी लिहिलेले नाहीत. १८७८च्या कायद्यानं जंगलं राखीव झाली. तेव्हाच्या कागदात ‘इथं गुरं चारायची नाहीत, राब तोडायचा नाही’ असं सापडलं, तर त्याचा अर्थ काय? त्याआधी तिथं गुरं चरत होती, राब तुटत होता. नसलेल्या गोष्टीला कुणी मनाई करत नाही. आपली वहिवाट त्यांनीच लिहून ठेवलीय.

पण लंडनचा कागद येईस्तोवर थांबायचं नाही. २००६च्या वनहक्क कायद्याचे २००८चे नियम वाचा. गॅझेटियर, सर्व्हेचे रिपोर्ट, नकाशे हे पुरावे आहेतच. त्याच यादीत दावेदार सोडून इतर जाणत्या माणसांचा लेखी जबाबही आहे. जुनी विहीर, दफनभूमी, देवाची जागा हाही पुरावाच. २०१२च्या दुरुस्तीनं सांगितलंय, अमुकच कागद पाहिजे असा हट्ट धरता येणार नाही.

तेव्हा कामं दोन. पहिलं, प्रत्येक वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांचे जबाब या पावसाळ्याआधी लिहून घ्या. माणूस गेलं की ते दप्तर लंडनातही मिळत नाही. दुसरं, १८८५चं पुणे जिल्ह्याचं गॅझेटियर मिळवा, आपापल्या भागाची पानं काढा. आणि आपल्या डोंगरावर अभ्यास करायला जो परदेशी जाईल, त्याला आत्ताच सांगून ठेवा: नकला ग्रामसभेत आणून द्यायच्या. आपल्या पोरापोरींनीही तिथवर जावं, ते दप्तर स्वतःच्या डोळ्यांनी वाचावं.

जिंदाबाद!